मशीन बंद असताना काय होतं? घरातल्या हवेच्या मोजमापाचा इतिहास

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातली गोष्ट. लॅबमध्ये एक छोटा घरगुती एअर प्युरिफायर आला होता. तो मी हॉस्टेलच्या खोलीत नेला, अगरबत्ती लावली, सेन्सरवरचा पीएम २.५ चा आकडा चढू दिला, अगरबत्ती विझवली आणि मशीन सुरू केलं. तासाभरात आकडा जमिनीला टेकला. आलेख इतका देखणा उतरला होता की मी त्याच रात्री स्लाइड बनवली. दुसऱ्या दिवशी गाईडनी ती पाहिली आणि एकच विचारलं, “मशीन बंद असताना काय होतं?”

ते मी मोजलंच नव्हतं.

पुन्हा सगळं केलं, या वेळी मशीन बंद ठेवून. आलेख तरीही उतरला, फक्त सावकाश. हिशेब केल्यावर लक्षात आलं की माझ्या त्या देखण्या उतारातला जवळजवळ एक तृतीयांश भाग मशीनचा नव्हताच. थोडं श्रेय दाराखालच्या फटीचं होतं आणि थोडं भिंती-जमिनीवर आपोआप बसणाऱ्या कणांचं.

त्या फजितीनंतर मी जुने पेपर वाचायला लागले, आणि गंमत म्हणजे हा प्रश्न दीडशेहून जास्त वर्षं जुना निघाला. घरातली हवा स्वच्छ करण्याचा इतिहास आपण सहसा यंत्रांचा इतिहास म्हणून वाचतो: आधी खिडकी, मग पंखा, मग फिल्टर. मला तो आता वेगळा दिसतो. कोणी काय मोजलं, कुठे मोजलं आणि काय मोजायचं राहून गेलं, असा. तुम्ही रिसर्चला सुरुवात करणार असाल तर हा इतिहास तुमच्या उपयोगाचा आहे, विषय हवेचा नसला तरीही.

म्युनिकमधली एक खोली, १८५८

माक्स फॉन पेटेनकोफर हे म्युनिकचे रसायनशास्त्रज्ञ. आधुनिक आरोग्यशास्त्राच्या पायाभरणीत त्यांचं नाव येतं. माणसांनी भरलेल्या खोलीत जीव का घुसमटतो आणि किती ताजी हवा पुरेशी, हा त्यांचा प्रश्न. माणसाच्या शरीरातून बाहेर पडणारं जे काही हवा ‘बिघडवतं’ ते थेट मोजायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी त्याच्याबरोबर हमखास बाहेर पडणारी एक गोष्ट पकडली, कार्बन डायऑक्साइड. बॅराइटाच्या, म्हणजे बेरियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात हवा घुसळायची आणि किती बेरियम हायड्रॉक्साइड खर्च झालं ते मोजायचं, ही त्यांची पद्धत. खोलीत कार्बन डायऑक्साइड हजारात एक भाग, म्हणजे १००० पीपीएमच्या वर गेला की हवा राहण्यालायक नाही, असं त्यांनी १८५८ मध्ये मांडलं. आज बाजारातले मीटर १००० ला पिवळा दिवा लावतात, त्याचं मूळ इथे आहे.

मात्र कार्बन डायऑक्साइड हेच विष आहे असं पेटेनकोफर म्हणत नव्हते. तो फक्त निदर्शक होता, न दिसणाऱ्या गोष्टीचा दिसणारा प्रतिनिधी. हा फरक पुढे दीडशे वर्षं लोक विसरत राहिले, म्हणून आत्ताच लक्षात ठेवा.

त्यांचा दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो. त्यांच्या अभ्यासिकेचं आकारमान साधारण ७५ घनमीटर होतं. तिथे त्यांनी मुद्दाम कार्बन डायऑक्साइड सोडला आणि तो किती वेगाने कमी होतो ते मोजलं. गणिती सूत्रासाठी लुडविग झायडेल या गणितज्ञाची मदत घेतली. आत-बाहेरच्या तापमानात सुमारे २० अंशांचा फरक असताना तासाला ७५ घनमीटर हवा बदलत होती, म्हणजे तासात जवळजवळ सगळ्या खोलीइतकी. फरक ४ अंशांवर आल्यावर तीच २२ घनमीटर झाली. खिडक्या-दारं तीच, फटी त्याच. गरम हवा वर चढून बाहेर पडण्याचा जोर तेवढा कमी झाला. हवा बदलण्याचा दर घराच्या रचनेइतकाच ऋतूवरही अवलंबून असतो, ही समज इथली.

मग त्यांनी खिडक्या-दारांच्या फटी, अगदी किल्लीचं भोक सुद्धा, कागद चिकटवून बंद केलं. आता हवाबदल थांबायला हवा होता. तो ७५ वरून फक्त ५४ वर आला. राहिलेली हवा कुठून जात होती? पेटेनकोफर यांनी निष्कर्ष काढला की विटांच्या भिंती ‘श्वास घेतात’. विटेच्या बाजू मेण लावून बंद करून आरपार फुंकर मारायची आणि पलीकडची मेणबत्ती विझवून दाखवायची, असं प्रात्यक्षिकही ते करत.

प्रात्यक्षिक खरं होतं, निष्कर्ष चुकला. तोंडाने मारलेल्या फुंकरीचा दाब आणि घराच्या भिंतीवर पडणारा इवलासा दाब यांत प्रचंड अंतर आहे. विसाव्या शतकात गिलावा केलेल्या भिंतीतून जाणारी हवा प्रत्यक्ष मोजली गेली, तेव्हा ती नगण्य निघाली. हवा जात होती ती पेटेनकोफर यांच्या नजरेतून सुटलेल्या फटींमधून. एवढा काटेकोर माणूस, तरी ‘मी सगळं बंद केलंय’ हे गृहीत त्यांनी तपासलं नाही. माझी चूक म्हणजे याच चुकीची लहान बहीण.

कण मोजणारा स्कॉटिश गृहस्थ

पेटेनकोफर वायू मोजत होते. हवेतले सूक्ष्म कण मोजायची युक्ती तीस वर्षांनी स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी काढली. दमट हवा अचानक प्रसरण पावली की थंड होते आणि प्रत्येक कणाभोवती पाण्याचा थेंब जमतो. ते थेंब चौकटी आखलेल्या काचेवर पडू द्यायचे आणि भिंगातून मोजायचे. डोळ्यांना न दिसणारा कण असा गणतीत आला.

१८८८ मध्ये त्यांनी दिलेले आकडे आजही थक्क करतात. पावसात बाहेरच्या हवेत दर घनसेंटिमीटरला ३२ हजार कण. कोरड्या दिवशी १ लाख ३० हजार. खोलीत १८ लाख ६० हजार. आणि त्याच खोलीत छताजवळ ५४ लाख २० हजार. खोलीत गॅसच्या ज्योती जळत होत्या, हे त्यामागचं कारण.

या चार आकड्यांमध्ये दोन धडे आहेत. एक, घर म्हणजे बाहेरच्या धुळीपासूनचा आसरा, ही समजूत आत काही जळत असेल तर उलटी पडते. दोन, एकाच खोलीत मीटर वर ठेवला की खाली, यावरून उत्तर जवळजवळ तिप्पट बदलतं. तुमच्या पेपरमध्ये ‘घरातली पातळी अमुक होती’ असं वाक्य येईल तेव्हा मीटर कुठे होता हे त्याच वाक्यात लिहा.

फिल्टर म्हणजे चाळणी नव्हे

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवायची गरज पडली. गॅस मास्कमध्ये वापरल्या जाणाऱ्या तंतूंच्या कागदावरून पुढे जो फिल्टर घडत गेला, तो आपल्याला आज ‘हेपा’ नावाने माहीत आहे. त्याची कसोटी अशी: ०.३ मायक्रोमीटरच्या कणांपैकी किमान ९९.९७ टक्के कण अडले पाहिजेत.

०.३ च का? आपल्याला वाटतं फिल्टर चाळणीसारखा असतो, कण जितका बारीक तितका तो सहज निसटणार. प्रत्यक्षात मोठे कण जडत्वामुळे हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि तंतूवर आदळतात. फार बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि भरकटता भरकटता तंतूला चिकटतात. मधला कण आदळण्याइतका जड नसतो आणि भरकटण्याइतका हलका नसतो. तोच सगळ्यात जास्त निसटतो. अर्विंग लँगम्यूर यांनी युद्धकाळात मांडलेल्या सिद्धांतानुसार हा अवघड आकार सुमारे ०.३ मायक्रोमीटर येत होता. म्हणून परीक्षा सगळ्यात कठीण पेपरावर ठरली.

पण ९९.९७ हा आकडा फिल्टरमधून *गेलेल्या* हवेबद्दल बोलतो. खोलीतली किती हवा त्यातून जाते, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. जाहिरातीत नेमका हाच आकडा मोठ्या अक्षरात असतो.

ही फट अमेरिकेतल्या घरगुती उपकरणं बनवणाऱ्यांच्या संघटनेने १९८० च्या दशकात बुजवली. त्यांनी आणलेल्या मापाचं नाव क्लीन एअर डिलिव्हरी रेट, सीएडीआर, म्हणजे मशीन दर तासाला किती स्वच्छ हवा खोलीत सोडतं. चाचणी कशी? बंद खोलीत धूर सोडा, मशीन लावा, घटीचा दर मोजा, मशीन बंद ठेवून पुन्हा मोजा, वजाबाकी करा, खोलीच्या आकारमानाने गुणा. ओळखीचं वाटतं ना? पेटेनकोफर यांच्या अभ्यासिकेतला प्रयोग आणि माझ्या गाईडचा प्रश्न, दोन्ही इथे एकत्र आलेत.

ऑगस्ट २०२० मध्ये, कोविडच्या काळात, रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेनथल यांनी या हिशेबाचा रोखठोक उपयोग केला. साधा टेबलफॅनसारखा चौकोनी पंखा आणि भोवती चार एसी-फिल्टर चिकटपट्टीने जोडून केलेली पेटी. तिच्यातले मर्व-१३ दर्जाचे फिल्टर बारीक कणांपैकी निम्मे अडवले तरी परीक्षेत पास होतात. हेपाच्या पासंगालाही पुरत नाहीत. पण त्यांतून हवा भरपूर जाते. तासाला ५० घनमीटर हवा ९९.९७ टक्के साफ करणारं मशीन खोलीला जेमतेम ५० घनमीटर स्वच्छ हवा देतं. तासाला ५०० घनमीटर हवा ६० टक्केच साफ करणारं मशीन ३०० देतं. कोणतं घ्याल?

एका ओळीचं समीकरण

आता सगळं एकत्र करू. बाहेरून येणाऱ्या कणांचा आतला वाटा असा निघतो: हवाबदलाचा दर भागिले (हवाबदलाचा दर + कण बसण्याचा दर + फिल्टरचा दर). १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड शहरात घराघरांत झालेल्या मोठ्या अभ्यासातून पीएम २.५ बसण्याचा दर तासाला ०.३९ निघाला, आणि बाहेरचे कण फटींतून आत येताना जवळजवळ अडतच नाहीत हेही दिसलं. तो आकडा घेऊन ३० घनमीटरच्या बेडरूमचा हिशेब करू. बाहेर पीएम २.५ समजा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे.

खिडक्या बंद, हवाबदल तासाला ०.४: आत सुमारे ५१.
खिडक्या बंद, सोबत १२० सीएडीआरचं मशीन, म्हणजे तासाला ४ खोल्यांइतकी स्वच्छ हवा: आत सुमारे ८.
तेच मशीन, पण खिडकी उघडी, हवाबदल ४: आत सुमारे ४८.

म्हणजे खिडकी उघडी ठेवून मशीन चालवणं आणि मशीन न घेता खिडकी लावून घेणं, जवळजवळ सारखंच. मग खिडकी कायमची बंद? थांबा. त्या बंद खोलीत दोन माणसं झोपली आहेत. प्रत्येकी तासाला सुमारे १५ लिटर कार्बन डायऑक्साइड धरला, तर बाहेरच्या पातळीच्या वर २५०० पीपीएमची भर पडते. फिल्टर कण अडवतो, वायू नाही. मशीनचा हिरवा दिवा चालू आणि पेटेनकोफर यांची रेषा केव्हाच मागे पडलेली.

एक माप म्हणतं खिडकी उघड, दुसरं म्हणतं लाव. दोन्ही मापं खरी आहेत. १८५८ चं माप बाहेरची हवा स्वच्छ धरून चाललं होतं. हिवाळ्यातल्या दिल्लीत किंवा मुंबईत ते गृहीत टिकत नाही. उत्तर वेळेत आणि जागेत सापडतं: बाहेरचा आकडा उतरलेला असेल त्या तासांत खिडकी उघडायची, बाकी वेळी मशीन चालवून खिडकीची थोडी फट ठेवायची, किंवा फिल्टरमधूनच बाहेरची हवा आत घ्यायची. आणि आत काही जळत असेल तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून आधी ते थांबवायचं. खोलीत शेणाचा ढीग असेल तर वारा सोडून वास घालवत बसू नका, ढीग उचला, असा पेटेनकोफर यांचाच सल्ला होता. आपल्याकडे तो ढीग म्हणजे डासांची कॉइल, अगरबत्ती, आणि एक्झॉस्ट फॅन न लावता घातलेली फोडणी. स्वयंपाकघरातली ‘चिमणी’ डक्टने बाहेर जोडलेली नसेल, तर जाळीतून निसटलेले बारीक कण ती परत तुमच्याच तोंडावर सोडते.

चुलीपाशी कोण बसतं?

आतापर्यंतचा हिशेब खोलीचा होता. भारतातल्या संशोधनाने त्यात माणूस आणला.

१९५९ मध्ये दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती यांनी फुफ्फुसाच्या आजारामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी होण्याच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत हा आजार मुख्यतः धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा मानला जात होता. इथे क्वचितच विडी ओढणाऱ्या बायकाही मोठ्या संख्येने आजारी होत्या. संशय चुलीच्या धुराकडे गेला.

धूर त्रासदायक आहे हे कळायला डॉक्टर लागत नव्हता. वर्ध्याच्या मगनवाडीचं नाव असलेली ‘मगन चूल’ १९४० च्या दशकातलीच, आणि हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका लिहिली. पण तो धूर बाईच्या नाकाशी किती आहे, हे कोणी मोजलं नव्हतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ, आंबालाल अगरवाल आणि आर. एम. दवे यांनी गुजरातमधल्या चार गावांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच हवा ओढणारे छोटे पंप बसवले. स्वयंपाकाच्या वेळी एकूण तरंगत्या कणांची सरासरी निघाली सुमारे ७ मिलिग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे ७००० मायक्रोग्रॅम. शहराच्या चौकातल्या मॉनिटरला हा आकडा कधीच दिसला नसता. तो मॉनिटर चुलीपाशी बसत नाही.

वर सांगितलेल्या रिव्हरसाइडच्या अभ्यासातही हेच दिसलं, तेही सुखवस्तू देशात. तिथे दिवसा पीएम १० घरात आणि बाहेर सरासरी ९५ च्या आसपास होतं, पण माणसांच्या अंगावरच्या पंपांनी १५० दाखवलं. आपण चालतो, झाडतो, स्वयंपाक करतो. आपल्याभोवती आपला स्वतःचा ढग असतो. कपाटावरच्या सेन्सरभोवती तो नसतो.

मग सुधारित चुली आल्या. १९८३ च्या सुमारास सुरू होऊन २००२ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या गेल्या. वाटलेल्या चुलींची गणती चोख होती. वर्षभराने त्यांतल्या किती पेटत होत्या, हा वेगळा प्रश्न. ओडिशातल्या ४४ गावांत रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी धुराडं असलेल्या चुलींचा काही वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी बायकांच्या शरीरात जाणारा धूर कमी झाला. नंतर तो फायदा विरून गेला. धुराडी साफ झाली नाहीत, तडे बुजवले गेले नाहीत, चुली मागे पडल्या. प्रयोगशाळेत चूल पास झाली होती. स्वयंपाकघरात परीक्षा वेगळी होती.

पुढचा प्रश्न आणखी अवघड आहे. तमिळनाडूसह चार देशांत ३२०० गर्भवतींबरोबर झालेल्या ‘हापिन’ चाचणीत निम्म्या घरांना चुलीऐवजी गॅस दिला. चूल वापरत राहिलेल्या बायकांच्या श्वासातलं पीएम २.५ सुमारे ७० होतं, गॅस मिळालेल्यांचं सुमारे २४. एवढं होऊनही २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात बाळांच्या जन्मवजनात ठोस फरक दिसला नाही. यावरून गॅस व्यर्थ आहे असं ठरत नाही. धूर कमी होणं आणि अमुक एक परिणाम बदलणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, दोन्ही वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, एवढं मात्र ठरतं.

तुमच्यासाठी गृहपाठ

एखादा सेन्सर मिळाला तर माझा फसलेला प्रयोग नीट करून बघा. अगरबत्ती जाळा, विझवा, दर मिनिटाला आकडा लिहा. आकड्यांतून सुरुवातीची, अगरबत्तीच्या आधीची पातळी वजा करा आणि लॉगरिदम घेऊन काढा. हवा नीट मिसळली असेल तर सरळ रेषा येईल आणि तिचा उतार म्हणजे घटीचा दर. आधी मशीन बंद ठेवून तीनदा, मग चालू ठेवून तीनदा. पावसाळ्यात करत असाल तर आर्द्रता लिहून ठेवा, कारण प्रकाशावर चालणारे स्वस्त सेन्सर दमट हवेत कण फुगल्यामुळे जास्त आकडा दाखवतात. मग सेन्सर उशीजवळ ठेवून एकदा आणि कपाटावर ठेवून एकदा बघा.

विषय काहीही असो, प्रपोजल लिहिताना स्वतःला तीन गोष्टी विचारा. मी मोजतोय ती खरी गोष्ट आहे की तिचा प्रतिनिधी? मीटर जिथे आहे तिथे माणूस आहे का? आणि तिसरी तुम्हाला आता पाठ झाली असेल. माझ्या टेबलासमोर ती कागदावर लिहून चिकटवलेली आहे: मशीन बंद असताना काय होतं?